सारंगखेड्याच्या यात्रेत काय खावं, कुठे बसावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्गशीर्ष लागला की माझा फोन वाजायला लागतो. पुण्याची नणंद, सुरतेचा मामेभाऊ, मुलाच्या शाळेतल्या बायका. इथल्या घोडेबाजाराचं सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलेलं असतं, त्यामुळे त्याबद्दल कुणी विचारत नाही. विचारतात ते एकच, "आम्ही यात्रेला येतोय, खायचं काय आणि कुठे?" माझं माहेर तापीकाठचं आणि माझी मावशी दरवर्षी यात्रेत भरीत-भाकरीची चूल मांडते. तेच तेच फोनवर सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहिते.

ही यात्रा कसली, आणि कधी असते?

सारंगखेडा हे नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यातलं तापीच्या उत्तर काठावरचं गाव. इथे एकमुखी दत्ताचं देऊळ आहे आणि दत्तजयंतीला, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेला, यात्रा सुरू होते. पुढे निदान पंधरवडाभर तरी बाजार हलता राहतो. मारवाडी, काठियावाडी, पंजाबकडचे पांढरेशुभ्र नुकरा असे घोडे राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेशातून येतात. अलीकडच्या वर्षांत याच दिवसांत चेतक महोत्सवही होतो.

तारीख इंग्रजी कॅलेंडरात एका जागी राहत नाही. २०२४ मध्ये दत्तजयंती १४ डिसेंबरला होती, २०२५ मध्ये ४ डिसेंबरला. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे ती पुढे सरकून २३ डिसेंबरला येते. रजा टाकण्याआधी घरातल्या दिनदर्शिकेत मार्गशीर्ष पौर्णिमा बघा आणि मग ठरवा.

एवढा मोठा बाजार नदीकाठीच का भरतो?

तापी मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावते आणि ७२४ किलोमीटर पश्चिमेला वाहत जाऊन सुरतेजवळ समुद्राला मिळते. मुघलांच्या काळात सुरत हे देशातलं मोठं बंदर होतं. बुऱ्हाणपूरहून सुरतेकडे जाणारा माल याच खोऱ्यातून जायचा. खानदेशातलं कापड, कापूस, धान्य सगळं बैलांच्या पाठीवर आणि गाड्यांत लादून पश्चिमेला चालत राहायचं. आमच्या नदीचं टोक बंदरात आहे, म्हणून आमच्या काठावरच्या बाजारांना नेहमी परमुलखातल्या माणसांची सवय. इथून थोडं खाली गोमाई जिथे तापीला मिळते तिथे प्रकाशा आहे, लोक त्याला दक्षिण काशी म्हणतात. तिथे १९५४-५५ मध्ये उत्खनन झालं आणि ताम्रपाषाण काळापासूनची वस्ती सापडली. म्हणजे या काठावर चूल पेटते आहे तिला हजारो वर्षं झाली.

मला हे सगळं सांगावंसं वाटतं कारण यात्रेतल्या ताटात ते दिसतं. एका बाजूला ज्वारी-उडदाची भाकरी, दुसऱ्या बाजूला गुजरातकडून आलेला फाफडा, आणि सातपुड्यातून उतरलेली आमचूर नि चारोळी. तिन्ही पालांच्या, म्हणजे कापडी तंबूंतल्या दुकानांच्या, एकाच रांगेत.

सगळे भरीत भरीत करतात. भरीत तर कुठेही मिळतं. इथलं वेगळं काय?

या प्रश्नाला मी जरा लांबट उत्तर देते, कारण यात्रेचं जेवण समजायचं तर इथूनच सुरुवात करावी लागते.

पहिलं म्हणजे पंचांग. चातुर्मासात पुष्कळ घरांत कांदा, लसूण आणि वांगं वर्ज्य असतं. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, चंपाषष्ठीला, खंडोबाला वांग्याचं भरीत आणि रोडग्याचा नैवेद्य दाखवतात आणि त्या दिवसापासून वांगं ताटात परत येतं. दत्तजयंती त्यानंतर आठ-नऊ दिवसांनी. चार महिने तोंडाला न लागलेल्या चवीची भूक घेऊन लोक यात्रेत येतात.

दुसरं म्हणजे वांगं. भरताचं वांगं जांभळं नसतं. फिकट हिरवं, त्यावर पांढरट रेघा, हातभर नाही पण चांगलं वीतभर लांब, पातळ सालीचं आणि बिया अगदी कमी. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच वर्षी जळगावच्या केळीलाही मिळालं. यावल तालुक्यातलं बामणोद आणि जळगावजवळचं आसोदा ही या वांग्यांची नावाजलेली गावं. (आसोदा बहिणाबाई चौधरींचं माहेर, हे खानदेशातल्या माणसाला सांगावं लागत नाही.) मावशीच्या मते थंडीत वांगं सावकाश वाढतं, म्हणून बी कोवळं राहतं आणि गर गोड लागतो. एप्रिलमधल्या वांग्याचं भरीत तिने कधी विकलं नाही, तिला ते पटतच नाही.

तिसरं म्हणजे जळण. खानदेश कापसाचा मुलूख. लवकर लावलेला कापूस वेचून संपला की शेतातून पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, उपटतात आणि बांधावर रचून ठेवतात. वांगी भाजायची ती या पऱ्हाट्यांच्या जाळावर. जाळ भरकन् पेटतो, उंच जातो आणि लवकर खाली बसतो. वांग्याची साल पटकन करपते, आतला गर मात्र वाफेत शिजतो. गॅसवर भाजलेल्या वांग्यात तो धुराचा वास येत नाही आणि कोळशावर भाजलेलं कोरडं पडतं. म्हणजे शेतातून जे काढून टाकायचं त्यावरच शेतातलं जे खायचं ते भाजलं जातं. याच महिन्यात कांद्याची पात कोवळी असते, हिरवी मिरची रसरशीत असते. हे सगळं एकाच वेळी एकाच ठिकाणी फक्त या दिवसांत जमतं. पुण्यात जुलैमध्ये खानदेशी भरीत म्हणून जे मिळतं ते मी खाल्लं आहे. करणाऱ्याची चूक नाही, पण त्याच्याकडे यातलं काहीच नसतं.

चांगलं भरीत ओळखायचं कसं?

पालापुढे उभं राहून आधी बघा. वांगी समोर भाजतात का, की पातेल्यात सकाळपासून झाकून ठेवलेलं भरीत आहे? भाजलेलं वांगं सोलून लाकडी उखळीत मुसळाने ठेचलेलं असावं. तसं ठेचलं की गराचे धागे राहतात आणि ते तोंडात कळतात. मिक्सरमधून काढलेलं भरीत खळीसारखं गुळगुळीत होतं.

फोडणी शेंगदाण्याच्या तेलाची हवी. त्यात ठेचलेली हिरवी मिरची, लसूण, अख्खे शेंगदाणे, काही जण सुक्या खोबऱ्याचे काप टाकतात, मग भरपूर पात आणि कोथिंबीर. हळद नाही, टोमॅटो नाही, लाल तिखट नाही. टोमॅटो दिसला तर समजा की ते दुसऱ्या मुलखाचं आहे. तेल कडेला सुटलेलं दिसेल, त्याला घाबरू नका.

कळण्याची भाकरी म्हणजे काय? ती काळसर का दिसते?

कळणा म्हणजे ज्वारी आणि अख्खे काळे उडीद एकत्र दळलेलं पीठ. आमच्या घरी चार वाट्या ज्वारीला एक वाटी उडीद आणि त्यातच खडेमीठ घालून दळायला देतात. उडदाची सालं पिठात जातात म्हणून भाकरीला राखाडी रंग येतो. उडदामुळे पिठाला चिकटपणा असतो, त्यामुळे भाकरी मऊ राहते, थापायला सोपी जाते आणि दोन भाकऱ्यांत पोट भरतं.

अहिराणीत ळ चा य होतो. तेव्हा पालातली बाई "कयनानी भाकर" म्हणाली तर ती हीच. जळगाव-भुसावळकडचे लोक भरिताबरोबर कळण्याच्या पुऱ्याही खातात. पुरी चांगलीच लागते, पण चुलीजवळ बसून खायची तर भाकरी. तव्यावरून उचलून निखाऱ्याला लावलेली, टम्म फुगलेली, तुमच्या ताटात पडताना वाफ सोडणारी.

दादरची भाकरी मिळाली तर तीही सोडू नका. दादर ही आमच्याकडची रब्बी ज्वारी, काळ्या कसदार जमिनीत नुसत्या ओलीवर येणारी. तिची भाकरी पांढरी आणि गोडसर असते.

शेवभाजी खूप तिखट असते का?

हो.

थोडं समजावून सांगते. काळा मसाला म्हणजे भाजलेला कांदा, भाजलेलं सुकं खोबरं, लसूण, आलं आणि खडे मसाले. हे वाटून तेलात इतकं परततात की तेल वर येतं. त्यात पाणी घालून रस्सा उकळतात आणि ताटात वाढताना जाड तिखट शेव वरून टाकतात. शेव आधीच रश्श्यात टाकून ठेवलेली असेल तर तिचा लगदा होतो, त्यामुळे "शेव आत्ता टाका" असं सांगितलं तर कुणी वाईट वाटून घेत नाही. तिखट सोसत नसेल तर वरची तर्री बाजूला करून रस्सा वाढायला सांगा आणि शेजारी ताक घ्या. पाणी पिऊन तोंडाची आग जात नाही.

यात्रेला दोंडाईचाकडून किंवा नंदुरबारकडून आलात तर वाटेत तुम्हाला याचं कारण दिसेलच. नंदुरबार ही मिरचीची मोठी बाजारपेठ. या दिवसांत ओली लाल मिरची मोकळ्या रानात वाळत घातलेली असते, त्या जागेला पथारी म्हणतात. एकरच्या एकर जमीन लाल दिसते आणि गाडीची काच खाली केली तर ठसका लागतो.

मांडे मिळतात का?

मिळाले तर नशीब समजा आणि दुसरं सगळं बाजूला ठेवून ते खा. मांडे, म्हणजे खापरावरची पुरणपोळी, हा रोजच्या विक्रीचा पदार्थ नाही. त्याला हात लागतो आणि वेळ लागतो. कणीक वस्त्रगाळ लागते आणि ती इतकी मळायची की ताणली तर तुटता कामा नये. दोन छोट्या पाऱ्यांत पुरण भरून कडा दाबायच्या, जरा लाटायचं आणि मग पोळपाट सोडून द्यायचा. पुढचं काम हातांवर. दोन्ही हातांवर पोळी फिरवत, झेलत, कोपरापर्यंत ताणत न्यायची आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद सोडायची. पोळी खापराहून मोठी होते, कडा खाली लोंबतात. पुरण कुठेही गोळा झालेलं नसतं आणि कुठेही फाटलेलं नसतं.

माझ्या आईला हे यायचं. मला येत नाही. मावशीच्या सुनेला येतं आणि तिचे हात चालू असले की मी बोलायचं विसरते.

मांड्याचा खरा मोसम आखाजीचा, अक्षय्य तृतीयेचा, आमरसाबरोबर. थंडीत दूध-तुपाबरोबर किंवा रशीबरोबर खातात. रशी म्हणजे पुरणाच्या डाळीच्या पाण्याची मसालेदार आमटी.

आणखी काय शोधावं?

फुनके आणि कढी. भिजवलेली डाळ भरड वाटून, मिरची-लसूण घालून त्याचे मुटके वाफवतात आणि गरम कढीत कुस्करून खातात. बाहेरगावच्या माणसाला याचं नावही माहीत नसतं आणि एकदा खाल्लं की तो दरवर्षी विचारतो. पाटोडीची भाजी, म्हणजे बेसनाच्या वड्या काळ्या रश्श्यात. वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी: ही भंडाऱ्याची, पंगतीची पाकसिद्धी, एखाद्या ठिकाणी महाप्रसाद असेल तर तिथे मिळण्याची शक्यता जास्त. आमच्याकडची बट्टी राजस्थानातल्यासारखी शेणीवर भाजत नाहीत. पिठाचे रोडगे आधी शिजवून घेतात, मग कापून तेलात तळतात. बाहेरून कुरकुरीत, आत भुसभुशीत.

रात्री उशिरा तुरीच्या डाळीची फोडणीची खिचडी. वर कच्चं शेंगदाणा तेल आणि भाजलेला पापड. खानदेशात अर्ध्या घरांत रात्रीचं जेवण हेच.

गोड काय?

गोडीशेव. जाड शेव तळून गुळाच्या पाकात घोळतात. यात्रेहून येताना गोडीशेव आणली नाही तर घरातली मुलं दारातच विचारतात. ताजी असेल तर पाक कोरडा असतो आणि शेव एकमेकांना चिकटत नाही. थोडी चव घेऊन बघा, आत तळलेल्या तेलाचा जुना वास आला तर पुढच्या दुकानात जा. जिलेबी गरमच खायची. रेवड्या, फुटाणे, बत्तासे आहेतच.

दत्तजयंतीला माझा उपवास असतो. मी काय खाऊ?

साबुदाण्याची खिचडी आणि वडे सहज मिळतात. भगर आणि शेंगदाण्याची आमटी विचारावी लागते. केळी भरपूर आणि चांगली असतात, शहादा तालुक्यात केळीच्या बागा रस्त्याकडेलाच दिसतील. पण एकाच कढईत भजी आणि साबुदाणा वडे तळतात, हे ज्यांना चालत नसेल त्यांनी घरून डबा आणलेला बरा. मार्गशीर्षातला गुरुवार असेल तर उपवासाच्या पदार्थांपुढे रांग लागते.

पोट बिघडणार नाही ना?

काळजी रास्त आहे. माझं एकदा बिघडलं होतं आणि चूक माझी होती. घाईत होते, एका मोठ्या झगमगीत स्टॉलवर थंड भजी घेतली. तेल काळं दिसत होतं, तरी खाल्ली. दोन दिवस निजून काढले. तेव्हापासून मी तीन गोष्टी बघते: समोर शिजतंय का, तेलाचा रंग काय आहे, आणि ताटं कशात धुतात.

पाणी स्वतःचं न्या. कापून ठेवलेली फळं आणि उघड्यावरची चटणी टाळा. चुलीवरून थेट ताटात येणाऱ्या भाकरी-भरिताने कुणाचं पोट बिघडल्याचं मी पाहिलेलं नाही. वर्तमानपत्रात गुंडाळलेली भजी घेऊ नका, छपाईची शाई अन्नात उतरते आणि तसं बांधून द्यायला मनाईही आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण येतात, त्यावर जेवा.

विक्रेत्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी: २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात यात्रेत बसणाऱ्या लहान विक्रेत्यालाही नोंदणी लागते. मावशीची नोंदणी तिच्या नातवाने मोबाईलवरून केली. तो कागद ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिठाच्या डब्यात ठेवते.

पैसे रोख लागतात का?

क्यूआर कोड बहुतेक पालांवर दिसतील, पण गर्दीच्या दिवशी मोबाईलला रेंज मिळत नाही आणि पैसे अडकतात. पन्नास-शंभरच्या नोटा जवळ ठेवा. भाव आधी विचारा. ताटाचा भाव विचारताना भाकऱ्या किती ते पण विचारा. बाईमाणसाशी दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करू नका. घोड्याच्या बाजारात लाखांचे आकडे बोलले जातात आणि तिथून आलेला माणूस भाकरीच्या पाच रुपयांसाठी वाद घालतो, हे मी पाहिलं आहे आणि मला त्याचा राग येतो. पहाटे चारला उठून तिने वांगी निवडलेली असतात. सरपण तिने आणलेलं असतं, धुराने डोळे तिचे जळलेले असतात.

कधी आलं तर चांगलं?

नुसतं देवदर्शन असेल तर जयंतीच्या दिवशी. खायला यायचं असेल तर तो दिवस टाळा. त्यानंतरच्या आठवड्यात मधल्या वारी या. गर्दी कमी असते, पालात बसायला जागा मिळते, वाढणारी दोन शब्द बोलते.

दिवसातली वेळ म्हणाल तर भरिताला सकाळी अकराची पहिली बैठक किंवा दिवेलागणीची. दुपारी तीनला गेलात तर उरलेलं मिळेल. संध्याकाळी थंडी उतरते, तापीवरून वारं येतं, पऱ्हाट्यांच्या जाळाशेजारी बसलं की पुढून ऊब आणि मागून गारठा. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा एक आकडीही होतो, तेव्हा शाल-स्वेटर आणा.

यायचं कसं?

रेल्वेने सुरत-भुसावळ मार्गावर दोंडाईचाला उतरा. तिथून सारंगखेडा साधारण पंधरा-वीस किलोमीटर, तापीवरचा पूल ओलांडला की आलंच. शहाद्याहूनही अंतर जवळपास तेवढंच. यात्रेच्या काळात एसटीच्या जादा गाड्या असतात. स्वतःच्या गाडीने येणार असाल तर गर्दीच्या दिवशी पुलावर रांग लागते हे धरून निघा आणि गाडी गावाबाहेर लावून चालत आत या. मुक्काम शहादा किंवा दोंडाईचाला सोयीचा.

म्हातारी माणसं आणि लहान मुलं बरोबर आहेत. जमेल का?

जमेल, पण घोड्यांच्या रांगांजवळ मुलांचा हात सोडू नका, घोड्याच्या मागून तर जाऊच नका. म्हाताऱ्यांना मांडी घालून बसता येत नसेल तर आधी सांगा, पालवाले खुर्ची नाहीतर खाट देतात. मुलांना तिखट सोसत नसेल तर सोय अशी: गरम भाकरी, गूळ आणि तूप. माझा मुलगा सहा वर्षांचा होईपर्यंत यात्रेत एवढंच जेवायचा आणि त्याला ती यात्रा आठवते.

आता तिथे चायनीज, मोमो, पिझ्झा पण मिळतो म्हणे?

मिळतो. तरुण मुलांना आवडतो, त्यांनी खावा. मला बोचतं ते वेगळंच. रस्त्यालगतच्या, दिवे लागलेल्या जागा अशा स्टॉलना जातात, कारण त्यांना जास्त भाडं परवडतं. चुलीवाल्या बायका मागच्या अंधाऱ्या बाजूला सरकत जातात. धूर होतो म्हणून त्यांना अजून लांब बसवतात. आठ-दहा वर्षांपूर्वी मावशी देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर होती. आता तिच्यापर्यंत यायला पाळण्यांच्या मागे वळावं लागतं. ज्यांचं जेवण खायला लोक परगावाहून येतात त्यांनाच शोधत फिरावं लागावं, हे बरं नाही. जागा वाटणाऱ्यांनी पुढची एक रांग तरी चुलींसाठी राखून ठेवावी, असं मी दरवर्षी भेटेल त्याला सांगते.

तुम्ही तेवढं करा: पहिल्या रांगेत थांबू नका, मागे चालत जा.

घरी काय न्यावं?

कळण्याचं पीठ, जास्त नको, महिनाभरात संपेल एवढंच, कारण उडदाच्या पिठाला जाळी लवकर लागते. वाळलेली लाल मिरची. ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापड. धडगाव-अक्कलकुव्याकडून आदिवासी बायका आमचूर, चारोळी आणतात, त्यांच्याकडूनच घ्या. त्यांची आमचूर म्हणजे घरी वाळवलेल्या कैरीच्या फोडी, बाजारातल्या पुड्यासारखी भुकटी नाही. नवापूरची तूरडाळ दिसली तर तीही. भरताची वांगी नेत असाल तर देठासकट न्या आणि दोन दिवसांत भाजा. तयार भरीत मात्र नेऊ नका, पात आणि लसूण घातलेलं भरीत प्रवासात आंबतं.

घरी करायचं तर कसं?

एक किलो हिरवी भरताची वांगी. प्रत्येकाला सुरीने दोन-तीन ठिकाणी टोचा, नाहीतर जाळावर फुटतात. तेलाचा हात लावा. अंगणात पऱ्हाट्या नसतील तर वाळक्या काटक्या चालतील, तेही नसेल तर गॅसवर जाळी ठेवून मोठ्या आचेवर भाजा आणि सगळ्या बाजूंनी साल पूर्ण काळी होऊ द्या. देठ धरून उचललं की वांगं मानेत लोंबलं पाहिजे, तेव्हा ते झालं.

झाकून ठेवू नका. गरम असतानाच सोला, बोटं पाण्यात बुडवत बुडवत. पाण्याखाली धरून धुवायचं नाही, धुराची चव निघून जाते. उखळ नसेल तर पितळी पातेल्यात रवीच्या बुडाने ठेचा.

दहा-बारा हिरव्या मिरच्या आणि एक पूर्ण गड्डी लसूण जाडसर ठेचा. अर्धी वाटी शेंगदाणा तेल तापवून त्यात मूठभर शेंगदाणे तळा, मग ठेचा घाला आणि लसणाचा रंग बदलेपर्यंत परता. चिरलेली पात अर्धी आत्ता, अर्धी नंतर. भरीत आणि मीठ घालून पाच-सात मिनिटं हलवा, उरलेली पात आणि कोथिंबीर टाकून उतरवा. बरोबर कच्चा कांदा, मुळ्याची फोड, लिंबू.

काही घरांत फोडणीच करत नाहीत. ठेचलेलं वांगं, कच्ची मिरची, लसूण, पात, मीठ आणि वरून कच्चं तेल. हे कच्चं भरीत शेतात, बांधावर बसून खातात. मला विचाराल तर हेच जास्त आवडतं.

तुमच्या मावशीचा पाल कुठे आहे?

पाटी नाही, नाव नाही. पाळण्यांच्या मागे नदीच्या अंगाला वळा, काळ्या पातेल्यांच्या पाच चुली ओळीने दिसतील. शेवटच्या चुलीशी हिरवं लुगडं नेसलेली बाई असेल. ती तुम्हाला ओळखत नसली तरी म्हणेल, "बठ ना वं माय, भाकर गरम शे." बसा. त्या ओळीत कुठेही बसलात तरी चालेल, पाचही जणींच्या हाताला चव आहे. फक्त सातच्या आत पोहोचा. वांगी तेवढीच असतात, जेवढी सकाळी तोडून आणलेली असतात.